सोलापूरच्या ऊन-धुळीत देशी सायकलची घरगुती दुरुस्ती आणि तिच्यातील उपयुक्त बदल

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असो, पूर्व भागातील यंत्रमागावर तागे पोहोचवणारा असो किंवा पहाटे दुधाच्या बरण्या लटकवून गावात येणारा असो, त्याच्याकडे बहुधा काळ्या रंगाची, सळीच्या ब्रेकची, मागे भक्कम कॅरियर असलेली आणि २८ इंची चाकांची सायकल असते. हा लेख त्या सायकलीविषयी आहे. गिअरच्या नव्या सायकलींना यातील बराच भाग लागू पडतो. मात्र त्यांचे गिअर बदलणारे डिरेलर आणि डिस्क ब्रेक हा वेगळा विषय असल्यामुळे येथे घेतलेला नाही.

कोकणात सायकल गंजून जाते, तर सोलापुरात ती झिजून जाते. येथे पाऊस कमी, ऊन कडक आणि काळ्या मातीची धूळ बारीक आहे. ही धूळ तेलात मिसळली की तिची घासणारी लुगदी तयार होते आणि चेन, हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) छर्रे व फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र) यांना ती हळूहळू खाते. त्यामुळे सारखे तेल घालत राहणाऱ्याची सायकल अधिक टिकते, हा समज येथे तरी खरा नाही. आधी पुसावे, मग मोजके तेल घालावे आणि पुन्हा पुसावे, हा क्रम सोडू नये.

हत्यारे थोडीच लागतात, पण ती नेमकी हवीत. सरकता पाना सर्वत्र चालतो असे वाटते खरे, परंतु तो नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. म्हणून आपल्या सायकलीचे नट मोजून त्या मापाचे रिंग पाने घ्यावेत. पॅडलसाठी बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो, हबच्या कोनसाठी (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटासाठी) पातळ पाना लागतो आणि तारांसाठी निपलची (तार ताणणाऱ्या, रिममधल्या छोट्या नटाची) चावी लागते. याखेरीज हातोडी, लाकडाचा ठोकळा, कानस, टायर काढायच्या दोन पट्ट्या, नळीचा पंप, ठिगळ व सोल्यूशन, ग्रीसचा डबा आणि यंत्राच्या तेलाची छोटी कुपी इतके असले की पुरे. पुसण्यासाठी कॉटन वेस्टसारखे (सुताच्या टाकाऊ धाग्यांसारखे) दुसरे काही नाही आणि यंत्रमागांच्या गावात ते मिळायला अडचण पडत नाही. गाडीच्या इंजिनातून काढलेले काळे तेल सायकलला घालण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. खोबरेल आणि गोडेतेलही वापरू नये, कारण काही दिवसांतच त्यांचा चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ जमते.

पंक्चर

हवा गेली की लगेच टायर उसकटू नये. आधी वॉलची (हवा भरायच्या नळीची) टोपी काढून तोंडाशी थुंकीचे किंवा पाण्याचे बोट लावावे. तेथे बुडबुडा आला तर दोष ट्यूबमध्ये नसून वॉलच्या नळीवर चढवलेल्या बारीक रबरात आहे. येथील उन्हाने हे रबर कडक होऊन चिरते आणि पुष्कळदा पंक्चर समजून काढलेली ट्यूब धडधाकट निघते. नवे रबर चढवताना ते पाण्याने ओले करावे आणि नळीच्या बाजूचे छिद्र पूर्ण झाकून थोडे पुढे येईल इतके लांब ठेवावे.

दोष ट्यूबमध्येच असेल तर टायरची एकच बाजू पट्टीने रिमबाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. चाक सायकलीवरून उतरवण्याची गरज नसते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या परातीतून थोडी थोडी फिरवावी आणि भोक सापडले की त्यावर खूण करावी. ट्यूब पुन्हा टायरशेजारी वॉलच्या जागेनुसार धरली की टायरमध्ये काटा नेमका कुठे असेल ते कळते. पण एक काटा सापडला म्हणून थांबू नये. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेचा सराटा वाळतो आणि दिवाळीनंतर त्याची काटेरी फळे टायरला अशी चिकटतात की एका फेरीत तीन-चार ठिकाणी ट्यूब टोचली जाते. टायरच्या आतून बोट फिरवण्याऐवजी कॉटन वेस्टचा बोळा फिरवावा; काट्याचे टोक जेथे असेल तेथे सुताचा धागा अडकतो आणि बोटही सुखरूप राहते.

भोकाभोवतीची जागा घासकागदाने खरखरीत करून पुसावी, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पसरावा आणि तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे. घाई नेमकी येथेच होते. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ त्या दिवशी धरते आणि उन्हात रस्ता तापला की कडेने सुटते. ठिगळ लावल्यावर ते मधून कडेकडे दाबत न्यावे आणि वर थोडी टाल्कम पावडर लावावी. दोन भोके शेजारी शेजारी, समांतर आणि चिरेसारखी असतील तर तो काट्याचा दोष नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले आणि ट्यूब रिमच्या कडांमध्ये चिमटली, असे समजावे. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडील बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून तारेचे टोक वर आले आहे का ते पाहावे आणि ते टोक कानशीने घासून घ्यावे.

टायर परत बसवताना वॉलच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट वॉलपाशी करावा, शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकलावा आणि वॉल एकदा आत दाबून सोडावा, म्हणजे ट्यूब टायरच्या कडेखाली अडकत नाही.

मे महिन्यात उन्हाने टायर फुटतो असे सगळेच म्हणतात. सकाळी २५ अंश तापमानाला ४५ पौंड हवा भरली आणि दुपारी टायर ५५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ५१ पौंडांपर्यंत चढतो. एवढ्या फरकाने चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो कडेला धागे दिसू लागलेला टायर किंवा जुने ठिगळ. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा प्रघात सोडावा, कारण कमी हवेने टायरची कड दुमडून लवकर चिरते आणि सायकलही जड चालते.

काट्यांवरचा उपाय म्हणून जुनी ट्यूब लांबीने कापून टायर आणि नवी ट्यूब यांच्यामध्ये घालतात. हा बदल सोपा आहे आणि सराट्यासाठी उपयोगी आहे, मात्र कापलेल्या कडा घासकागदाने पातळ कराव्यात आणि दोन्ही टोके एकमेकांवर न चढवता भिडवून ठेवावीत. नाही तर ती कडच नव्या ट्यूबला घासून भोक पाडते. वेड्या बाभळीच्या लांब काट्यापुढे हा अस्तराचा उपाय चालत नाही. तेथे रस्त्याची कड सोडून चालवणे हाच इलाज आहे.

हब, छर्रे आणि कोन

चाकाचा वरचा भाग धरून आडवा हलवावा. खटखट जाणवली तर कोन सैल आहे. चाक फिरवताना हाताला खरखर जाणवली तर ग्रीस सुकले आहे किंवा छर्रे खराब झाले आहेत. हे काम दुकानात टाकण्याचे कारण नाही, आणि येथील धुळीत ते वर्षातून एकदा तरी करावेच लागते.

चाक काढून जमिनीवर जुना टॉवेल अंथरावा. सोलापुरात त्याची वानवा नाही आणि निसटलेला छर्रा त्यावर घरंगळत जात नाही. एका बाजूची चेकनट (कोन जागी पक्का धरणारी नट) आणि कोन सोडवून एक्सल, म्हणजे हबमधला दांडा, दुसऱ्या बाजूने ओढून घ्यावा. त्या दुसऱ्या बाजूचा कोन मात्र जागचा हलवू नये, म्हणजे एक्सल परत मूळ जागी बसतो. मागच्या हबमध्ये बहुधा पाव इंची छर्रे असतात, दर बाजूला नऊ. पुढच्यात ३/१६ इंची, दर बाजूला दहा. काढताना मोजून घ्यावेत. एकही छर्रा निस्तेज किंवा टवका उडालेला दिसला तर सगळेच बदलावेत, कारण जुन्या-नव्या छर्र्यांच्या मापात बारीक फरक पडतो आणि सगळा भार नव्यांवर येतो. कोन उजेडात धरून पाहावा. छर्र्यांच्या वाटेवर एकसारखी चकाकी असेल तर तो चांगला आहे. तेथे खड्डे असतील तर कोन बदलावा, कारण खड्डे पडलेला कोन कितीही ग्रीस लावले तरी नीट चालत नाही. वाटीतील जुने ग्रीस वेस्टने आणि थोड्या डिझेलने पूर्ण काढावे, वाटी कोरडी झाल्यावर नवे ग्रीस भरावे, त्यात छर्रे रुतवून ठेवावेत आणि एक्सल घालावा.

कोन किती आवळायचा यातच सगळे कसब आहे. हाताने आवळून खटखट जेमतेम जाईल तेथे थांबावे, पातळ पान्याने कोन धरून ठेवावा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट त्यावर आवळावी. चेकनट आवळताना कोन थोडा फिरतो, त्यामुळे पहिल्या खेपेस क्वचितच जमते. नंतर चाक चिमट्यात (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांत) बसवून पाहावे. पुढचे चाक उचलून वॉल बाजूला, म्हणजे घड्याळातील तीनच्या जागी ठेवून सोडले, तर केवळ वॉलच्या वजनाने चाक आपोआप फिरून वॉल खाली आला पाहिजे. तो तेथेच राहिला तर कोन जास्त आवळला गेला आहे. मागच्या चाकाला ही परीक्षा चेन काढून घ्यावी.

पॅडल, क्रँक आणि चेन

आट्यांची दिशा माहीत नसल्यामुळे येथे जितके भाग बिघडतात तितके झिजूनही बिघडत नसतील. उजवे पॅडल नेहमीप्रमाणे उलट्या (घड्याळाच्या विरुद्ध) दिशेने सुटते, परंतु डाव्या पॅडलचे आटे डावे असल्यामुळे ते सुलट्या (घड्याळाच्या) दिशेने फिरवल्यावर सुटते. चेनच्या बाजूची बीबीची (पॅडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या सांगाड्यातील भागाची) वाटीही डाव्या आट्याची असते. न सुटणाऱ्या नटाला पाइप लावून जोर करण्यापूर्वी आपण त्याला सोडवतो आहोत की आवळतो आहोत, हे एकदा तपासावे.

पॅडल मारताना दर फेरीला एकदा 'टक्' असा आवाज येत असेल तर बहुधा कॉटर, म्हणजे क्रँक (पॅडलची दांडी) एक्सलला धरणारी पाचर, ढिला असतो. नट सोडवून तो आट्यांच्या टोकापाशी तसाच ठेवावा, म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा किंवा जाड पाइप असा टेकवावा की ठोक्याचा धक्का बीबीतील छर्र्यांवर न जाता जमिनीत जाईल, आणि मग एकच नेमका ठोका द्यावा. हलके हलके ठोकत बसल्याने कॉटर वाकतो. नवा कॉटर घालताना त्याची सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकते का ते पाहून गरजेपुरती कानस फिरवावी. दोन्ही कॉटर परस्परविरुद्ध दिशांनी घालायचे असतात: क्रँक आडव्या असताना एका कॉटरची नट वर असेल तर दुसऱ्याची खाली हवी. तसे नसेल तर दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत. ठोकून बसवल्यावर नट आवळावी आणि दोन-चार किलोमीटर चालवून पुन्हा आवळावी. कॉटर नटाने ओढून बसवू नये. त्याला आधी ठोकून बसवायचे असते आणि नट फक्त त्याला धरून ठेवण्यासाठी असते.

चेनची झीज मोजायला फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात केली तर नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/८ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली आहे. फार झिजलेली चेन तशीच चालवली तर फ्रीव्हीलचे दातही तिच्या मापाने झिजतात आणि मग नवी चेन त्यांवर उड्या मारते. चेनच्या मध्यावर वर-खाली मिळून सुमारे अर्धा इंच ढिलाई असावी आणि ती क्रँक पूर्ण फिरवून सर्वात ताठ जागी तपासावी. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. तेल घालताना प्रत्येक रोळावर एक थेंब द्यावा, पॅडल उलटे फिरवावे आणि बाहेरून चेन कोरडी दिसेल इतकी पुसावी.

चाकाचा आऊट काढणे

जुन्या पद्धतीच्या देशी सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. चाक फिरवताना ते डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर सायकल उलटी ठेवून चिमट्याला खडू असा धरावा की तो फक्त बाहेर आलेल्या जागी घासेल. खूण उजव्या बाजूला उमटली असेल तर त्या भागातील डाव्या बाजूच्या हबकडे जाणाऱ्या तारा थोड्या आवळाव्यात आणि उजवीकडच्या तेवढ्याच सैल कराव्यात. एका वेळी निपल पाव फेराच फिरवावा. टायरच्या बाजूने पाहिल्यास निपल घड्याळाच्या दिशेने फिरवला की तार आवळते. पण आपण चावी हबच्या बाजूने लावतो, त्यामुळे डोळ्यांना दिशा उलटी दिसते आणि नवशिक्याचे चाक आऊट निघण्याऐवजी वाढत जाते. गंजलेला निपल आधी तेल घालून तासभर ठेवावा, नाही तर तार पिळवटून तुटते.

सळीच्या ब्रेकच्या सायकलीत वर-खाली होणारा आऊट अधिक त्रासदायक असतो. या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूला न लागता आतल्या अंगाला, हबच्या दिशेने असलेल्या भागाला लागते. त्यामुळे रिममध्ये उंच-सखल भाग असेल तर ब्रेक एका जागी धरतो आणि दुसऱ्या जागी सोडतो. जेथे रिम बाहेर आली असेल तेथील दोन्ही बाजूंच्या तारा जोडीने थोड्या आवळाव्यात. तुटलेली तार फ्रीव्हीलच्या बाजूची असेल तर फ्रीव्हील उतरवावे लागते आणि त्यासाठी खास चावी लागते; एवढे काम कारागिराकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही.

ब्रेक

ब्रेक न धरता चाक फिरवले असता रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर राहील अशा रीतीने सळीच्या जोडावरील बोल्ट सैल करून सळी सरकवावी आणि घट्ट आवळावी. रबर ज्या खोबणीत बसते तिचे बंद तोंड, चाक फिरताना रबर ज्या बाजूला ओढले जाते त्या बाजूला आहे, याची खात्री करावी. उलटे बसवले तर जोरात ब्रेक लावताना रबर निसटून जाते. स्टीलची चकचकीत रिम ओली झाली की पकड फार कमी होते, हे पहिल्या वळवाच्या वेळी ध्यानात ठेवावे.

पुष्कळांना सळीचे ब्रेक काढून वायरचे बाजूने धरणारे ब्रेक लावावेसे वाटतात. देशी सायकलीच्या रिमच्या कडा गोलाकार असतात आणि त्यांना सपाट बाजूच नसते, त्यामुळे हा बदल केवळ ब्रेक आणून होत नाही. रिमही बदलावी लागते. तेवढा खर्च करण्यापेक्षा आहे त्या सळीचे सांधे पुसून, तेल देऊन, नवे रबर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ओझ्यासाठी बदल

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सायकल ही पाण्याचे कॅन वाहण्याचीही गाडी आहे. २० लिटरचे दोन कॅन म्हणजे ४० किलोंहून अधिक वजन. त्यासाठी सर्वात उपयोगी बदल फ्रीव्हीलचा आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २० दातांचे फ्रीव्हील घातले की हे अंतर ४.९ मीटरवर येते, म्हणजे पॅडलवरचा जोर सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो आणि त्या प्रमाणात वेगही घटतो. चेन तीच ठेवायची असेल तर मागचे चाक सुमारे पाव इंच पुढे सरकवावे लागते; खाचेत तेवढी जागा आहे का आणि टायर मडगार्डला घासत नाही ना, हे फ्रीव्हील विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे.

कॅरियरला कडी, अडकवण किंवा जादा दांडी लावताना सायकलीच्या सांगाड्याला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. सांगाड्याचे पाइप पातळ असतात आणि सांध्यांत पितळ ओतून जोडलेले असतात. इलेक्ट्रिक वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप जळतो किंवा सांध्याजवळ ठिसूळ होऊन काही महिन्यांनी तडकतो. त्याऐवजी पत्र्याची क्लिप नटबोल्टने आवळावी आणि तिच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे ती सरकत नाही आणि रंगही जात नाही. वेल्डिंग करायचेच असेल तर ते कॅरियरवर, तो सायकलीवरून उतरवून करावे. कॅन कॅरियरच्या वर ठेवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली आणि एक्सलच्या रेषेत लटकवावेत. मागे टोकाला लटकवले तर पुढचे चाक हलके पडून हँडल थरथरते. एका बाजूला एकच कॅन कधी लटकवू नये.

ओझ्याच्या दिवशी मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सात पौंड हवा अधिक ठेवावी, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नये. पहिली फेरी अर्ध्या वजनाने करावी. घरी परतल्यावर कॅरियरचे पाय ज्या नटांनी एक्सलवर धरलेले आहेत ते, क्लिपचे बोल्ट आणि कॉटर हे सगळे पुन्हा आवळून पाहावेत. नवे बसवलेले भाग पहिल्या ओझ्याखाली दबून हमखास थोडे सैल होतात.